प्रतिसाद: बाईकने नागपूर, समृद्धी सोडून

वरच्या पोस्टमध्ये तुम्ही बाईकने संभाजीनगरहून समृद्धी महामार्गाने नागपूर गाठायचं म्हणताय, पण तिथे टू-व्हीलरला बंदी आहे, इंटरचेंजवरच परत पाठवतील. आणि खरं सांगू का, बरंच आहे ते, त्या सरळसोट काँक्रीटवर बघायला काय आहे? जुन्या रोडने जा की, जालना, सिंदखेड राजा, मेहकर, कारंजा. सिंदखेड राजाला लखुजी जाधवांचा वाडा रस्त्यालगतच आहे, जिजाऊंचं जन्मस्थान, तासभर तरी काढाच. पुढे सुलतानपूरवरून उजवीकडे वळलात की लोणार, पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर, आणि गावातलं दैत्यसूदन मंदिर तर लोक उगाच चुकवतात राव, कोरीवकाम काय आहे!

ऑक्टोबरात निघणार असाल तर सोयाबीन चक्क डांबरावर वाळत घातलेलं असतं, त्यावर ब्रेक मारू नका, सरळ घसरते गाडी. पाऊस झाला असेल तर शेतरस्त्याचे शॉर्टकट अजिबात नको, मॅप काहीही दाखवू दे, ती काळी माती मडगार्डमध्ये अशी बसते की चाकच फिरत नाही. अंधारानंतर रायडिंग टाळा, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागे लाईट नसतोच बहुतेक. ट्यूबवाले टायर असतील तर स्पेअर ट्यूब घ्या.