मदत हवी आहे: एक्सेलची फाइल सेव्ह केली आणि मॅक्रो गायब

जमाखर्च
मंडळी, सोसायटीचा खजिनदार मीच (दुसरं कुणी तयार नव्हतं). ५६ फ्लॅटची मेन्टेनन्सची बिलं एक्सेलमध्ये काढतो. भाच्याने त्यात एक मॅक्रो (फाइलच्या आतच राहणारा छोटा प्रोग्राम) लिहून दिलाय, आकडा टाकला की शेजारी अक्षरी रुपये मराठीत येतात.

परवा फाइलच्या नावापुढचं 'कंपॅटिबिलिटी मोड' (म्हणजे फाइल जुन्या प्रकारची) डोळ्यांत खुपलं, म्हणून सेव्ह ॲज करून एक्सएलएसएक्स केली. 'व्हीबी प्रोजेक्ट'बद्दल काहीतरी विचारलं, मी सवयीने येस दाबलं. त्या दिवशी सगळं चाललं. आज उघडली तर अक्षरीच्या अख्ख्या रकान्यात हॅश, नेम, प्रश्नचिन्ह. जुनी फाइल 'दोन दोन कशाला' म्हणून उडवली, रीसायकल बिनही झाडून काढला. भाचा परदेशात, फोन उचलत नाही. ५ तारखेच्या आत बिलं वाटायचीत.

रकानेवाला
काका, सगळेच तिथे येस दाबतात. येस म्हणजे 'मॅक्रो टाकून दे'. नो दाबून प्रकार बदलायचा असतो.

जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये मॅक्रो असला-नसला तरी नावाचा शेवट तोच असायचा. एक्सेल २००७ पासून तो वेगळा केला. शेवटी एक्स असेल तर आत मॅक्रो राहूच शकत नाही, एम असेल तर राहतो. मॅक्रोतून व्हायरस पसरायचे, १९९९ चा मेलिसा आठवत असेल, तेव्हा फाइल न उघडता कळावं हा हेतू.

त्या दिवशी चाललं कारण फाइल बंद होईपर्यंत मॅक्रो मेमरीत होता. तेव्हाच एक्सएलएसएम केली असती तर वाचला असता. आता त्या फाइलमध्ये तो नाही. आणि नुसतं नाव बदलून शेवटी एम लावू नका, एक्सेल उघडणारच नाही.

तिरपागडा
सरळ गूगल शीट्सवर या की.

रकानेवाला
तिथे व्हीबीए, म्हणजे एक्सेलच्या मॅक्रोची भाषा, चालत नाही, सगळं नव्याने लिहावं लागेल. इंग्रजीत वीसच्या पुढे दशक आणि एकक जोडले की भागतं. आपल्याकडे एक ते नव्व्याण्णव प्रत्येकाचं रूप वेगळं. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी... बसा टाइप करत.

काका, भाच्याने मूळ फाइल मेलने पाठवली होती का?

जमाखर्च
सापडली! २०१९ ची मेल. पण उघडल्यावर वर लाल पट्टी येते, मॅक्रो ब्लॉक केलाय म्हणते. शिवाय तिच्यात सभासदांची नावं आणि दर जुने आहेत.

रकानेवाला
इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलींचे मॅक्रो २०२२ पासून ऑफिस आपणहून अडवतं. फाइल बंद करा, तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली 'अनब्लॉक'वर खूण. भाच्याचीच फाइल आहे म्हणून सांगतोय, अनोळखी माणसाची असती तर हात लावू नका म्हटलं असतं.

जुनी नावं असू देत, आपल्याला फक्त मॅक्रो हवाय. दोन्ही फाइली उघडा, ऑल्ट आणि एफ ११ दाबा. डावीकडे दोघींची नावं दिसतील. जुनीखालचं 'मॉड्यूल १' माउसने धरून नवीच्या नावावर सोडा, त्याची प्रत पडते. मग नव्या फाइलमध्ये एफ १२, आणि सेव्ह ॲज टाइपमध्ये 'एक्सेल मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक'. शेवटी कंट्रोल, ऑल्ट, एफ ९ एकदम. सूत्रं जागेवरच आहेत, पुन्हा लिहायची नाहीत.

जमाखर्च
मॉड्यूल आलं. पण त्यात मराठी शब्द एकही नाही, सगळं इंग्रजी. हेच आहे ना?

रकानेवाला
हेच. त्या खिडकीत देवनागरी टिकत नाही, नुसती प्रश्नचिन्हं होतात. भाच्याने शब्द एखाद्या शीटवर ठेवून तिथून उचलले असणार. बघा बरं.

जमाखर्च
'शब्द' नावाची शीट आहे, ९९ ओळींची. फालतू म्हणून ती उडवणारच होतो!

असो, झालं. पहिल्याच बिलावर 'तीन हजार चारशे एकोणऐंशी फक्त' आलं. बंद करून पुन्हा उघडली, तरी आहे. फार उपकार झाले. फक्त नव्या फाइलच्या चित्रावर पिवळं उद्गारचिन्ह दिसतंय, काही बिघडलंय का?

रकानेवाला
नाही काका, आत मॅक्रो आहे म्हणून ते आहे. जुन्या मेलला मात्र हात लावू नका.