आईच्या टीव्हीवर कोडी लावलाय पण सातच्या बातम्या साडेनऊला दाखवतोय?? मदत हवी

अर्धा_कप_चहा:
मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाका. मी पुण्यात, आई एकटी गावाला, गुहागर तालुक्यात. तिला फार काही नको असतं, सह्याद्री, दोन तीन मराठी बातम्यांचे चॅनेल आणि सकाळी कीर्तन बिर्तन काही लागलं तर. केबल दीड वर्षापूर्वी बंद केली कारण दर पावसात महिनाभर मुंग्या. यंदा गावात फायबर आलं म्हणून मी एक स्वस्तातला अँड्रॉइड बॉक्स ऑनलाइन मागवून थेट गावच्या पत्त्यावर पाठवला, शेजारच्या पोराने जोडून दिला आणि मी व्हिडीओ कॉलवरून कोडी (टीव्हीवर चॅनेल, व्हिडीओ लावायचं फुकट ॲप) टाकायला लावला. आई फोन टीव्हीसमोर धरून उभी, मला दिसतंय काय तर तिचा अंगठा आणि मागे काहीतरी निळं. ती म्हणे "लायब्ररी रिकामी आहे असं इंग्रजीत म्हणतंय, भरायची कशी?" तेव्हा कळलं की नुसता कोडी टाकून काही दिसत नाही, चॅनेलची यादी आपणच द्यायची असते.

मग दिवाळीत गेलो तेव्हा आयपीटीव्ही सिंपल क्लायंट (कोडीत लाइव्ह चॅनेल दाखवणारं ॲड-ऑन) टाकला, नेटवरून एमथ्रीयू फाइल, म्हणजे चॅनेलची यादी, उतरवून पेनड्राइव्हवर घेतली, बॉक्सला लावून लोकल पाथ (पेनड्राइव्हवरचा पत्ता) दिला, आणि कार्यक्रमांचं वेळापत्रक यावं म्हणून एक्सएमएलटीव्हीची लिंक पण दिली. दोन दिवस मस्त चाललं, मी हिरो. आता तीन भानगडी आहेत:

चॅनेल एकेक करून मरतायत. चाळीस होते, आता आईच्या म्हणण्यानुसार "सहा सात लागतात, बाकीचे नुसते काळे".

जे लागतात ते पण दर दहा पंधरा सेकंदांनी थांबतात, गोल फिरत राहतं. राउटरजवळ फोनवर चाळीसचा स्पीड येतो, मी स्वतः बघितलाय.

आणि सगळ्यात विचित्र, गाइडमधे (त्या वेळापत्रकात) सह्याद्रीच्या सातच्या बातम्या रात्री साडेनऊला दाखवतात. आई बिचारी गाइड बघून साडेनऊला लावून बसली तर बातम्या कधीच संपलेल्या. बॉक्समधे वेळ "आपोआप" वरच आहे, ते मी तपासलंय.

आता पुढच्या महिन्यात एकदा जाणं होईल, तेव्हा एका फेरीत सगळं निस्तरायचंय. कोडी काढून दुसरं काही टाकू का?

---

गण्या_फास्ट:
भावा कशाला एवढा कुटाणा करतो, माझ्याकडे एक जण आहे, महिना तीनशे रुपये, हजार चॅनेल, सगळे पिक्चर स्पोर्ट्स सगळं, एक एपीके (ॲपची फाइल) पाठवतो व्हॉट्सॅपवर, टाकलं की झालं. नंबर व्यनि करू का

---

माळ्यावरचा_डबा:
गण्या, नको रे बाबा. एक तर ते सरळ चोरीचं असतं, पैसे भरायचे चॅनेल कुणालातरी न विचारता तीनशेत वाटायचे, कॉपीराइट कायद्यात बसत नाही. आणि दुसरं, मी स्वतः पोळलोय. आमच्या इथल्या एकाला वर्षाचे पैसे एकदम दिले, अडीच महिने चाललं, मग एक दिवस सगळं बंद आणि फोन पण बंद. तक्रार कुठे करणार, चोरीचा माल बिघडला म्हणून? वर ते व्हॉट्सॅपवरचं एपीके कुणी बनवलंय, आत काय आहे देव जाणे, आणि ज्या बॉक्सवर आईचं गूगल खातं लॉगिन आहे त्याच्यावर टाकायचं. नकोच.

चहा, तुम्ही कोडी काढू नका. तुमच्या तीन भानगडींचा कोडीशी काडीचा संबंध नाही. प्लेअर म्हणजे रिकामं भांडं हो, त्यात काय ओतता त्यावर सगळं.

साडेनऊचं कोडं सोपं आहे. सात आणि साडेनऊ, फरक अडीच तासांचा. आपल्यापेक्षा अडीच तास पुढे कोण? चीन. बॉक्स चायनाचा असणार आणि कारखान्यातून निघताना टाइमझोन शांघाय ठेवलेला असणार. "वेळ आपोआप" चालू असली तरी त्याने नुसती वेळ नेटवरून येते, कुठल्या देशाची ते वेगळं सेटिंग असतं. फोनला मोबाइल टॉवरवरून देश कळतो, तुमच्या बॉक्सला सिमच नाही तर कळणार कुठून. गाइडच्या फाइलमधे बहुतेक वेळा युटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ लिहिलेली असते, म्हणजे सातच्या बातम्या १३:३० अशा, बॉक्स त्यात साडेपाचऐवजी आठ तास मिळवतो आणि साडेनऊ दाखवतो. आईला विचारा टीव्हीतलं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळतं का. टाइमझोन कोलकाता करा, काम तमाम. आणि कृपा करून कोडीच्या सेटिंगमधे जाऊन गाइडची वेळ अडीच तास मागे सरकवू नका, बरेच जण तेच करतात आणि मग बॉक्स रीसेट झाला की उलटा गोंधळ.

---

फाटक_उघडं:
डबासाहेबांना +१, अडीच तासावरून चीन काढलात, मान गये.

चॅनेल मरतायत त्याचं कारण तुमचा पेनड्राइव्ह. एमथ्रीयू ही साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमधे उघडून बघा एकदा, भीती जाईल. प्रत्येक चॅनेलच्या दोन ओळी, वरच्या ओळीत नाव, लोगो, गट, आणि गाइडशी जुळवायचा आयडी, खालच्या ओळीत लिंक. बस. व्हिडीओ त्यात नसतोच. आता त्या लिंका चॅनेलवाले बदलत असतात, काहींच्या शेवटी लांबलचक टोकन असतं ते तर काही तासांत संपतं. तुम्ही दिवाळीतली फाइल पेनड्राइव्हवर गोठवून ठेवलीत, मग ती शिळी होणारच. लोकल पाथऐवजी रिमोट पाथ, म्हणजे नेटवरच्या यादीची लिंक ठेवा म्हणजे कोडी दर वेळी ताजी यादी आणेल.

मी माझ्या सासऱ्यांसाठी काय केलंय ते सांगतो, ते धारवाडला असतात. गिटहब या साइटवर फुकट खातं काढलं, तिथे गिस्ट म्हणून प्रकार असतो, नेटवर टेक्स्ट फाइल ठेवायचा, त्यात माझी स्वतःची नऊ चॅनेलची यादी लिहून ठेवली आणि तिची रॉ लिंक (नुसता मजकूर देणारी) त्यांच्या कोडीत दिली. आता एखादा चॅनेल मेला की मी इथे बसून ती ओळ बदलतो, त्यांनी कोडी बंद करून चालू केला की नवीन यादी. त्यांच्या बॉक्सला मी वर्षभर हात लावलेला नाही. एक खुबी आहे फक्त, रॉ बटण दाबल्यावर जी लिंक मिळते त्यात रॉ नंतर एक भलामोठा अगम्य आकडा असतो, तो त्या क्षणाच्या आवृत्तीचा नंबर आहे. तो तसाच ठेवलात तर जन्मभर जुनीच यादी येईल. तो आकडा खोडायचा, रॉ स्लॅश फाइलचं नाव एवढंच ठेवायचं. मी दोन आठवडे डोकं आपटत होतो याच्यापायी. आणि बदल केल्यावर लगेच दिसला नाही तर पाच दहा मिनिटं थांबा.

कोडी २० पासून पुढचा असेल तर आयपीटीव्ही सिंपलमधे कॉन्फिगर केल्यावर आधी "ॲड ॲड-ऑन कॉन्फिगरेशन" करावं लागतं, जुन्या व्हिडीओंमधे हे नाहीये म्हणून लोक अडकतात.

लिंका कुठून आणायच्या तर गिटहबवर आयपीटीव्ही-ओआरजी नावाचा मोठा प्रकल्प आहे, जगभरच्या उघड्या मिळणाऱ्या लिंका भाषेप्रमाणे लावून ठेवतात, मराठीची वेगळी यादी आहे. पण अख्खी यादी आईच्या डोक्यावर ओतू नका आणि उघडी मिळाली म्हणजे मालकानेच ठेवली असं पण नसतं. मी फक्त दूरदर्शन आणि ज्या बातम्यांच्या चॅनेलांनी स्वतः फुकट ठेवलंय तेवढेच घेतो.

---

निवृत्त_टेक्निशियन:
अहो एवढे सगळे करण्यापेक्षा डीडी फ्री डिश लावा. एकदाच खर्च, महिन्याला एक पैसा नाही, सह्याद्री त्यावर आहेच. मी मुंबई केंद्र १९७२ साली सुरू झाले तेव्हापासून अँटेना फिरवत आलो आहे, गच्चीवरून "आलं का?" ओरडायचे आणि खालून "गेलं!" असे उत्तर यायचे. आताची मुले टाइमझोन फिरवतात. प्रगती आहे.

---

अर्धा_कप_चहा:
काका, डिशचा विचार केला होता पण आमच्याकडे पाऊस आडवा येतो, शेजाऱ्यांच्या डिशवर जुलैत अर्धा वेळ "नो सिग्नल" असतं. फायबर निदान ढगांना घाबरत नाही.

@डबा, आत्ता आईला फोन केला. म्हणाली "त्या टीव्हीतलं घड्याळ पहिल्या दिवसापासून पुढेच आहे, मी बघतच नाही त्याच्याकडे." पहिल्या दिवसापासून!! आणि मला सांगितलं नाही, का तर "तुला उगाच कामाच्या वेळी त्रास". हात जोडले मी.

@फाटक, गिस्टची आयडिया जबरदस्त. ते थांबत थांबत चालण्याचं काय पण?

---

सातवा_फेरा:
थांबण्याचं मी सांगते. आधी एक विचारू, राउटर कुठे आणि टीव्ही कुठे? आणि भिंती चिऱ्याच्या का?

---

अर्धा_कप_चहा:
राउटर पडवीत, टीव्ही माजघरात. भिंती चिऱ्याच्याच, दीड फुटी, आजोबांनी बांधलेलं घर आहे.

---

सातवा_फेरा:
वाटलंच. आमचं पण मालवणकडचं घर तसंच. तुम्ही चाळीसचा स्पीड पडवीत मोजलात, टीव्ही बसलाय माजघरात. पाच गीगाहर्ट्झचं वायफाय असल्या भिंतीपुढे लोटांगण घालतं, दोन पॉइंट चारचं जरा आत शिरतं पण त्याचा वेग कमी. आता लाइव्ह टीव्ही कसा येतो तर काही सेकंदांचे तुकडे करून, एक तुकडा चालू असताना पुढचा उतरवायचा, तो वेळेत आला नाही की गोल गोल. साध्या क्वालिटीला दोन एमबीपीएस पुरतात, फुल एचडीला पाच सहा धरा, म्हणजे चाळीस वगैरे लागतच नाहीत, पण जे येतं ते सलग यायला हवं. चाळीस, शून्य, चाळीस, शून्य असं आलं तर उपयोग नाही.

खात्री करायची तर लॅपटॉप माजघरात टीव्हीच्या शेजारी ठेवा, व्हीएलसी (फुकट व्हिडीओ प्लेअर) उघडा, कंट्रोल एन, तीच लिंक चिकटवा. तिथेही अडखळलं तर वायफायचा दोष, मग तोच लॅपटॉप पडवीत नेऊन बघा. दोन्हीकडे नाहीच लागलं तर लिंक मेलेली. दोन्हीकडे सुरळीत आणि टीव्हीवरच अडखळतंय तर बॉक्सचा दोष. मी कुठलीही लिंक टीव्हीवर टाकायच्या आधी व्हीएलसीत लावून बघते, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. व्हीएलसीत नेटवर्क कॅशिंग म्हणून आकडा असतो, मुळात १००० मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद, तो तीन चार हजार केला की बारीक सारीक धक्के जातात. पण वायफायच लंगडं असेल तर कॅशिंग म्हणजे मोडक्या खुर्चीला पुठ्ठ्याची पाचर.

खरा इलाज लॅन केबल. बॉक्सच्या मागे लॅनचं भोक असेल तर पडवीतून सरळ केबल ओढा, मीटरला किरकोळ पैसे पडतात, एकदाच काय ते.

अजून एक, आईसाठी म्हणून. कोडीत इंटरफेस, मग स्टार्टअप, तिथे "परफॉर्म ऑन स्टार्टअप" ला प्ले टीव्ही ठेवा. कोडी उघडला की थेट चॅनेल लागतो, ते निळं पान आणि रिकामी लायब्ररी बघायलाच नको. गावाला लाइट दिवसातून चारदा जाते त्यामुळे हे फार महत्त्वाचं आहे, नाहीतर दर वेळी तुम्हाला फोन. आणि यादीत सह्याद्री एक नंबरला.

---

फाटक_उघडं:
हो आणि प्रसार भारतीचं वेव्हज म्हणून ॲप आहे, २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात आलं ते, दूरदर्शनचे चॅनेल त्यात अधिकृतपणे लाइव्ह दिसतात. ते पण बॉक्सवर टाकून ठेवा, कोडीची लिंक कधी रुसली तर दुसरा दरवाजा. मराठी बातम्यांचे बरेच चॅनेल यूट्यूबवर पण लाइव्ह असतात. फक्त मॅचच्या वेळी एक लक्षात ठेवा, नेटवरचं चित्र डिशच्या मागे असतं, शेजारी आधी ओरडतात आणि आपल्याकडे बोलर अजून धावतोय.

---

गण्या_फास्ट:
ठीके भावांनो, मी पण त्या तीनशेवाल्याला आज फोन लावला, लागत नाहीये 😐

---

अर्धा_कप_चहा:
अपडेट देतो, गेल्या शनिवारी जाऊन आलो.

टाइमझोन शांघायच होता. कोलकाता केला, गाइड जागेवर आलं, सात म्हणजे सात. आई म्हणाली "बघ, माझं भिंतीवरचंच बरोबर होतं." गिस्ट केला, आठच चॅनेल ठेवले, तो आकडा खोडला (नाहीतर मी पण दोन आठवडे आपटलं असतं डोकं). पुण्याला येऊन एक नववा चॅनेल घातला आणि आईला फोनवर कोडी बंद करून चालू करायला सांगितलं तर तो तिकडे आला! तिला वाटलं मी तिथेच कुठेतरी लपलोय. लाइट गेली आली तरी एकदा कोडी उघडला की सरळ सह्याद्री लागतं, ते तिला सगळ्यात आवडलंय.

व्हीएलसी टेस्ट पण केली. पडवीत लोण्यासारखं, माजघरात दर पंधरा सेकंदाला धाप. केबल आणलीय वीस मीटर पण अजून लावली नाही, कारण उंबऱ्यावरून नेली तर आई अडखळेल आणि माळ्यावरून नेली तर उंदीर. मधल्या भिंतीला भोक पाडावं असं वाटतंय. सातवा फेरा, तुमच्याकडे चिऱ्याला भोक कशाने पाडलं होतं? दीड फूट आरपार जाणारा ड्रिल बिट गावात कुणाकडे नाही, गवंडी म्हणतो पहारीने पाडतो, आणि आई म्हणते आजोबांच्या भिंतीला पहार लावायची नाही.

---

सातवा_फेरा:
पहार अजिबात नको! खिडकीच्या चौकटीचा कोपरा बघा, लाकूड आणि चिरा यांच्यामधे चुन्याची फट असते, तिथून आमची केबल गेली. वर लांबी (पुट्टी) भरली, दिसत पण नाही. आणि केबलचं टोक आधी कापून, केबल आरपार गेल्यावर नवं डोकं क्रिंप करा (दाबून बसवा), डोक्यासकट घुसवायला गेलात तर पुन्हा पहारच लागेल.