‘पाभर’ला कंस, ‘रेपो दर’ला नाही

बोरूबहाद्दर:
गेले दोन महिने एक उद्योग चाललाय. रविवारच्या पुरवणीतल्या एका सदराची कात्रणं वहीत डकवतो आणि लेखक काय समजावून सांगतो, काय गृहीत धरतो, तिथे पेन्सिलीने खुणा करतो. शेतीवरच्या लेखात ‘पाभर’ आली, लगेच कंसात ‘पेरणीचे अवजार’. त्याच लेखात ‘रेपो दर’ दोनदा आला, त्याला कंस नाही. म्हणजे लेख शेतकऱ्यावर, वाचक मात्र गृहकर्जाचे हप्ते भरणारा. ‘आपण’ हा शब्दही बघा. ‘आपण भाजीवाल्याशी घासाघीस करतो’ यातला ‘आपण’ भाजीवाला कधीच नसतो! सदर कुणासाठी आहे ते मतांवरून कळत नाही, अशा बारक्या जागांवरून कळतं. पत्रकारितेच्या वर्गात आधी हे शिकवावं.

ओसरी:
नाही पटलं. असं शिकलेली पोरं वाचकाची नाडी बघूनच लिहितील. तसे काय कमी आहेत? आगरकरांनी केसरी सोडला, १८८८मध्ये सुधारक काढला. विधवांच्या केशवपनावर लिहिलं, संमतिवयावर लिहिलं, आणि पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. वाचकाचा अंदाज घेत बसले असते तर यातली एक ओळ तरी लिहून झाली असती का?

बोरूबहाद्दर:
अहो, आगरकर तर माझ्या बाजूचे! आपला वाचक त्यांना पक्का ठाऊक होता: चार इंग्रजी बुकं वाचलेला आणि घरी आला की सोवळं नेसणारा. सुधारकात सुरुवातीला इंग्रजी मजकूरही असायचा, तो गोखले बघायचे. तो काय पाटलाच्या चावडीवर वाचायला होता? लोकहितवादींची पत्रंही तशीच. १८४८पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात येत होती, कोरडे ब्राह्मणांवर आणि वाचणारेही बहुतेक ब्राह्मणच. वाचक ओळखला म्हणजे त्याला गोंजारलाच पाहिजे असं कुठे आहे?

ओसरी:
ओळखणं आणि गोंजारणं यांत फरक आहे, मान्य. पण तो फरक पेन्सिलीच्या खुणांनी शिकवता येतो, हे नाही मान्य.

डेस्कवरची:
अकरा वर्षं पुरवणीची पानं लावली आहेत, म्हणून मध्ये तोंड घालते. तुम्ही दोघंही जाहिरात विसरलात. लेख येतो ८०० शब्दांचा. संध्याकाळी सातला पाव पान जाहिरात येऊन पडते, लेख साडेपाचशेवर आणायचा. वेळ नसला की कात्री खालून. मुरलेले लेखक हे जाणून असतात, शेवटचा परिच्छेद असा लिहितात की गेला तरी कुणाचं अडू नये. नवखे नेमकं तिथेच सगळं साठवून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी फोनवर रडतात. आणि ते कंस? त्यातले बरेचसे डेस्कवर पडतात. लेखकाला कळतं अंक हातात आल्यावर.

ओसरी:
घ्या! मग दोन महिने तुम्ही वाचलंत कुणाला?

बोरूबहाद्दर:
हा घाव वर्मी बसला. वहीवर आता ‘लेखक’ खोडून ‘पान’ लिहितो. पण बाई, कंस घालताना तुमच्या डोळ्यांसमोर तरी कुणीतरी असेलच ना?

डेस्कवरची:
होती की. माझी सासू, पार्ल्याची. पुढे एकदा तिला सहज विचारलं, तर पाभर तिला चांगली माहीत. माहीत नव्हती ती मलाच.