मदत हवी आहे: कांद्याच्या किरकोळ भावाचा आलेख मधेच शून्यावर येतोय

शेवगा२१:
जानेवारी २०२१ पासूनचे कांद्याचे रोजचे भाव एक्सेलमध्ये घेतलेत. नाशिक, पुणे, नागपूर, अहमदनगर. दोन फाइली व्हीलुकअपने (एका तक्त्यातली जुळणारी नोंद दुसऱ्यात आणणारं सूत्र) जोडल्या. नाशिकची रेघ दर आठवड्याला शून्यावर आपटते, नागपूर मधेच दोन हजारावर जातं, नगर २०२४ च्या शेवटी गायब. मासिक सरासरीही पटत नाही. सूत्र तीनदा तपासलंय, त्यात चूक नाही. उद्यापर्यंत हवंय, लवकर सांगा.

बांधावरून:
फाइली कुठल्या ते लिहा ना. ॲगमार्कनेटची (बाजार समित्यांच्या भावांचं सरकारी संकेतस्थळ) असेल तर तो बाजार समितीतला घाऊक भाव, तोही क्विंटलचा.

शेवगा२१:
एक ग्राहक व्यवहार विभागाची, एक ॲगमार्कनेटची. पहिलीत भाव नसेल तिथे दुसरीतला घेतला. शून्याचं काय ते सांगा.

बांधावरून:
म्हणजे दोन हजार हा क्विंटलचा भाव आहे, किलोला वीस रुपये. पण १०० ने भागलं म्हणून तो किरकोळ होत नाही. वाहतूक, हमाली, निवडीतली घट आणि मधल्या दोन-तीन हातांचा नफा त्यावर चढतो. घाऊकने किरकोळची भोकं बुजवू नका. दोन्ही वेगळ्या रकान्यांत ठेवा.

रेघोट्या:
शून्य इफएररमुळे येतंय. भाव सापडला नाही की ० लिही, असं सूत्रात असणार. सुटीच्या दिवशी भाव नोंदलेला नसतो, तो शून्य नसतो. २६ दिवस ३० रुपये आणि ४ दिवस शून्य धरलं की महिन्याची सरासरी २६ येते. ० काढून तिथे एनए() म्हणजे ‘भाव उपलब्ध नाही’ घाला, रेघ खाली पडणार नाही.

गोल्टी:
आणि एनए घातलं की ॲव्हरेज एरर देतं, ते कोण निस्तरणार? एक्सेल सोडा, पायथॉनमध्ये पांडास वापरा, रिकामी जागा आपोआप वगळली जाते.

रेघोट्या:
उद्या द्यायचंय त्यांना, आज पायथॉन कुठे शिकवता? एग्रीगेट(१२,६,रेंज) लिहा. १२ म्हणजे मध्यक (भाव क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा), ६ म्हणजे एरर सोडून. सरासरीच हवी तर १२ च्या जागी १. मी मध्यकच घेईन. एखाद्या दिवशी ३० चा ३०० टाइप झाला तर सरासरी ९ रुपयांनी उडते, मध्यक जागचा हलत नाही.

माजघर:
कांदा टिकवायचा असेल तर जाळीच्या पिशवीत, हवेशीर जागी ठेवा. बटाट्याजवळ नको, लवकर कोंब येतात.

शेवगा२१:
साठवणीचं विचारलेलं नाही. नगरचं कुणी सांगेल का?

बांधावरून:
फिल्टर उघडून यादी खालपर्यंत बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, त्यामुळे पुढच्या नोंदी नव्या नावाखाली गेल्या असतील. पुढे मराठवाडा घेतलात तर औरंगाबाद-छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबाद-धाराशिव यांचंही तेच. वेगळ्या शीटवर जुनं नाव, नवं नाव असा तक्ता करा आणि आधी त्यावरून नावं एक करून घ्या. फाइंड-रिप्लेसने मूळ फाइल बदलू नका.

गोल्टी:
माजघर यांचा मुद्दा अगदीच अस्थानी नाही. एप्रिल-मेमध्ये कांदाचाळीत (साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये) भरलेला उन्हाळी कांदा ऑक्टोबरपर्यंत वजनाने घटतो, सडतो, कोंबतो. जो उरतो त्याला ती सगळी घट भरून काढावी लागते, आणि खरिपाचा लाल अजून पुरता सुटलेला नसतो. म्हणून नोव्हेंबरची तुलना ऑक्टोबरशी करू नका, मागच्या नोव्हेंबरशी करा. ॲगमार्कनेटच्या फाइलीत वाण वेगळा दिलेला असतो. लाल आणि उन्हाळी एकत्र मिसळलेत तर वाण बदलला की भाव बदलला, हे कळणारच नाही.

शेवगा२१:
अहिल्यानगर सापडलं, रेघ जुळली. शून्यंही गेली. पण डिसेंबर २०२३ मध्ये घाऊकची रेघ एकदम कोसळते, किरकोळची तेवढी नाही. हे पण सूत्रामुळेच का?

बांधावरून:
नाही, तो भाव खरा आहे, पुसू नका. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी होती, ती ४ मे २०२४ ला उठली. बाजार समितीत लिलाव रोज होतो, तिथे भाव लगेच पडतो. दुकानदाराकडे मात्र आधीच्या भावाने घेतलेला माल असतो, तो संपेपर्यंत किरकोळ भाव फारसा उतरत नाही. आलेखावर त्या दोन्ही तारखांना उभी रेघ मारा आणि खाली कारण लिहा.

शेवगा२१:
मारतो. आता लाल-उन्हाळी वेगळे करायला बसलोय.