वीरगळ ‘तो’ की ‘ती’? आणि गधेगाळातला ‘गाळ’ कुठला?

माळरान : आमच्या गावाच्या वेशीवर, रस्त्यालगत, काही वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड) आणि एक गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेला दगड) उभे आहेत. त्यांच्यापाशी माहितीफलक लावायचे ग्रामस्थांनी ठरवले असून मजकुराची जबाबदारी माझ्यावर आली आहे. ‘हा वीरगळ गोधनाच्या रक्षणार्थ धारातीर्थी पडलेल्या वीराचा आहे’ असे मी लिहिले, तेव्हा एका निवृत्त शिक्षकांनी ‘ही वीरगळ’ अशी दुरुस्ती केली. छापील लेखनात मला दोन्ही रूपे आढळतात. रंगारी येण्यापूर्वी निर्णय व्हायला हवा, म्हणून जाणकारांनी मत द्यावे.

शिळाप्रेमी : मूळ शब्द कन्नड ‘वीरगल्लु’, त्यातला ‘कल्लु’ म्हणजे दगड. दगड पुल्लिंगी असल्याने मी ‘तो वीरगळ’ लिहितो. ज्यांच्या मनात शिळा असते ते ‘ती’ म्हणतात. मात्र हे शिल्प खालून वर वाचायचे असते, हे फलकावर अवश्य लिहावे. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर असतो, तिच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे.

उंबरठा : फलक वाटसरूंसाठी असेल, तर कानडी शब्दाचा आग्रह कशासाठी? ‘वीरशिळा’ म्हटले की अर्थही कळतो आणि लिंगाचा वादही मिटतो. गधेगाळालाही ‘शापशिळा’ म्हणावे. शाळकरी मुले तो फलक वाचणार आहेत, याचे भान असावे.

जुनी लिपी : ‘शापशिळा’ या शब्दाला माझा ठाम विरोध आहे. दान मोडणाऱ्याच्या आईवरून दिलेली अत्यंत कठोर शिवी दगडावर कोरली जात असे आणि ज्याला अक्षरे वाचता येत नसत, त्यालाही ती कळावी म्हणून खाली गाढव आणि स्त्री यांचे शिल्प असे. परळच्या शके ११०८ च्या शिलालेखात ‘अथ तु जो कोणुहुवि ए शासन लोपी’ (जो कोणी हे दानपत्र मोडील) असे बजावून पुढे हीच शिवी घातली आहे. तेव्हा यातला ‘गाळ’ कन्नड ‘कल्लु’पासून आलेला नाही, आपण आजही ‘शिवीगाळ’ म्हणतो, त्यातला तो ‘गाळ’ आहे. शब्द सौम्य केला, तर ही सारी माहितीच पुसली जाईल.

शिळाप्रेमी : मग गायवासराचे शिल्प असलेल्या दगडाला ‘धेनुगळ’ का म्हणतात? तिथे शिवीचा संबंधच नाही. ‘गळ’ म्हणजे दगड हाच अर्थ सर्वत्र लागू पडतो आणि ‘गद्धेगळ’ हे रूपही प्रचारात आहेच.

कातळवाट : माझ्या आजोळी अशा दगडाला ‘गाढवाचा धोंडा’ एवढेच म्हणत आणि मला तेच नाव सर्वांत प्रामाणिक वाटते. मात्र रस्त्यावर दरवेळी भराव पडत गेला, तसतशी त्याची खालची चौकट जमिनीत गेली. आता वर चंद्रसूर्य आणि शेंदराने बुजलेल्या चार ओळी तेवढ्या दिसतात आणि नव्या पिढीला तो देवाचा दगड वाटतो. माळरान यांनी फलक रंगवण्याआधी बुंध्याशी किती शिल्प गाडले गेले आहे, याची पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांकडून खात्री करून घ्यावी. स्वतः खणू नये. अक्षरे वाचायची असतील, तर सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात पाहावे.

उंबरठा : ‘धोंडा’ मला मान्य आहे, तो निदान आपला शब्द आहे.

जुनी लिपी : ‘आपला’ म्हणजे नेमका कोणता? शिलाहार आणि यादव या दोन्ही घराण्यांचे लेख कन्नडातही आहेत आणि मराठीतही. त्या काळच्या पाथरवटाला ही सीमारेषा जाणवत नसावी. राहिला ‘धेनुगळ’. तो ‘वीरगळ’ पाहून अलीकडे घडवलेला शब्द असावा, असा माझा कयास आहे. जुन्या लेखनातला त्याचा एखादा दाखला शिळाप्रेमी यांनी द्यावा, म्हणजे ‘गाळ’ शब्दातला दीर्घ ‘आ’ कुठून आला, यावर आपल्याला बोलता येईल.

शिळाप्रेमी : दाखला शोधतो. पण त्याच न्यायाने ‘शिवीगाळ’ शब्दातला ‘गाळ’ दगडाच्या नावात आधी आला की नंतर, याचाही पुरावा आपल्याकडून अपेक्षित आहे.