अनुभव धागा: तुमच्या विहिरीवरच्या साती आसरा

आमच्या विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत. आजी त्यांना हळदीकुंकू, हिरव्या बांगड्या वाहायची आणि आम्हाला दटावायची, "बाराच्या वक्ताला हिरीवर जाऊ नका, आसरा वढतेत." साती आसरा म्हणजे पाण्याच्या सात देवता; अप्सरांच्या झाल्या आसरा. परवा गाळ काढायला उतरलो. मुरूम संपून काळा पाषाण लागतो, नेमक्या तिथल्या भेगेतून बोटभर धार चालू होती आणि भेगेत एक बेडूक बसलेला. आजी आठवली. पाणी, त्यावर जगणारे जीव आणि त्याच्या देवता, तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगा.

परभणी : आमच्या विहिरीवर बाभूळ वाकलेली आहे. सुगरणीचे खोपे थेट पाण्यावर लोंबतात, सापाला तिथं पोचणं अवघड. मोटार बसवताना काका बाभूळ तोडायला निघाले. "आसरांची सावली हाय ती," म्हणून आई आडवी झाली. खोपे अजून आहेत.

गेवराई : आम्ही गोदाकाठचे. लहानपणी उन्हाळ्यात पात्रात झिरा खांदायचो. हातभर वाळू उकरली की पाणी यायचं. पहिलं गढूळ उपसून टाकायचं, मग नितळ पाणी वाटीवाटीनं हंड्यात. वाळू पुराचं पाणी पोटात धरते, काठच्या विहिरींना हळूहळू सोडते. नदीच्या वाळवंटात टिटवीची अंडी दिसायची. उंचवट्यावर असली तर वडील म्हणायचे, औंदा पाऊस चांगला. मग वाळूचा उपसा सुरू झाला. आता कितीतरी ठिकाणी उघडा खडक आहे, झिरा खांदायचा कुठं? आमची विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. फार जीव तुटतो.

लातूर : एप्रिल 2016, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते साल. विहीर ठणठणीत कोरडी होती. आईनं तरी काठावर आसरांची ओटी भरली.

पैठण : नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात. धरण उथळ, पाणी ओसरलं की काठाचा चिखल उघडा पडतो आणि पाखरांना चारा मिळतो. 1986 पासून हे पक्षी अभयारण्य आहे. मी दरवर्षी बघायला जातो, पण याच पाण्याखाली आजोबांचं गाव आहे. गाव उठताना त्यांनी विहिरीवरचे सातही दगड पोत्यात घालून बैलगाडीत ठेवले. नव्या गावठाणात विहीर नव्हती, म्हणून हापशाच्या ओट्याशेजारी मांडले. आजी रोज पहिला तांब्या त्यांच्यावर ओतायची, मग घागर भरायची.