बाळंतपणानंतर बहीण झोपत नाही, सारखी रडते. औषधं सुरू केली तर बाळाचं दूध बंद करावं लागतं का?

नमस्कार, मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी साताऱ्याला आलीये, सिझर झालं, बाळ दीड महिन्याचं, वजनबिजन मस्त वाढतंय. पहिल्या आठवड्यात रडायची तेव्हा सगळे म्हणाले बेबी ब्लूज, पण ते दोन आठवड्यांत ओसरतं ना? हिचं वाढतच चाललंय. बाळ गाढ झोपलं तरी ही टक्क जागी, मध्येच उठून त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघते, पडते, परत उठते. सकाळी दिलेला डिंकाचा लाडू संध्याकाळी तसाच ताटलीत. काल म्हणाली, "ताई, याला माझ्यापेक्षा तूच नीट सांभाळशील." पोटात गोळाच आला माझ्या.

आईचं म्हणणं आमच्या वेळी कुठे होतं डिप्रेशन, दृष्ट काढून मोकळी. नवरा रविवारी येतो, "आराम कर" सांगून जातो (आराम!). सासरी कळलं तर बोभाटा होईल ते वेगळंच. गायनॅककडे न्यावं की थेट सायकियाट्रिस्ट?

प्रतिसाद १: थेट सायकियाट्रिस्ट. सिव्हिलमध्ये पण असतात. मी यातून गेलेय. बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठी एडिनबरा म्हणून दहा प्रश्नांची टेस्ट असते, त्यात शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, तिथे "हो" आलं तर टोटल कमी असली तरी थांबायचं नाही. तुम्हीच तिला सरळ विचारा मरायचे विचार येतात का म्हणून, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन पण करा, बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडतो. दुधाचं म्हणाल तर सर्ट्रालिन (डिप्रेशनचं औषध) दुधात फार कमी उतरतं, मला तेच होतं, पाजणं चालूच होतं. फरक पडायला काही आठवडे जातात, मध्येच स्वतःहून बंद करू नका. आणि घरात कुणाला बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार) असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, औषध त्यावर ठरतं.

प्रतिसाद २: भास, भलते संशय, असंबद्ध बडबड असलं काही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल, आणि बाळाजवळ तिला एकटं ठेवू नका. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, मराठीत बोलतात, रात्रीपण. रात्रीचं एक फीड तुम्ही वाटी-चमच्याने द्या, तिला सलग चार-पाच तास झोपू दे.

धागाकर्ती: थँक्यू दोघींना. आत्ताच विचारलं तिला, "कधीकधी" म्हणाली. उद्या सकाळीच नेते, आईला थायरॉईड दाखवायला चाललोय म्हणून सांगणारे.